लघुग्रहाला धडक देता येते, पण तो आधी दिसला पाहिजे

लघुग्रहावर मुद्दाम आदळवलेल्या नासाच्या ‘डार्ट’ यानाच्या यशामुळे लघुग्रहाचा धोका आता आटोक्यात आला आहे, हे तुमच्याकडील लघुग्रहांवरच्या लेखातील विधान मला घाईचे वाटते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ते यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळले आणि डिमॉर्फसचा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला, ही कामगिरी अपूर्वच आहे. मात्र डिमॉर्फस २००३ पासून आपल्याला ठाऊक होता, आणि त्याच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटरचा होता. एवढ्याशा फरकाने पृथ्वी वाचायची असेल, तर धडक कित्येक वर्षे आधी द्यावी लागेल.

रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नाही. लख्ख उजेड पाहून लोक खिडक्यांपाशी धावले आणि मागून आलेल्या हवेच्या दणक्याने काचा फुटून शेकडो जण जखमी झाले. अशाच आघाताने बनलेल्या लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहून बाहेरच्या बाजूला उलथलेले बेसाल्टचे थर मी हाताने चाचपले आहेत. तेव्हापासून हा प्रश्न मला केवळ अंतराळयानांचा वाटत नाही. सूर्याच्या बाजूचे अंधारे लघुग्रह त्यांच्या उष्णतेवरून शोधू शकणारी ‘निओ सर्व्हेयर’ ही नासाची नियोजित अवरक्त दुर्बीण लेखात एका ओळीनेही येऊ नये, ही मोठी उणीव आहे.