त्या पुड्यात माल्ट आहे तरी कुठे?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका आजींनी रागी माल्टच्या पुड्याचा फोटो टाकून विचारलं, "यात दारू असते का हो? नातीला देऊ की नको?" झालं! लगेच फॉरवर्ड सुरू. माल्ट म्हणजे व्हिस्की, लहान मुलांना व्यसन लावायचा डाव, वगैरे वगैरे. पुडा उलटा करून मागचं वाचा, एवढं त्यांना सांगायला कुणाला सुचलं नाही.

मी दुसरा फोटो मागवला. मागे बारीक अक्षरांत: नाचणी पीठ, साखर, दूध पावडर, कोको, वेलचीचा स्वाद. मोड आणलेल्या नाचणीचा कुठे उल्लेख नाही. म्हणजे आजी ज्या माल्टला घाबरल्या, ते त्या पुड्यात नाहीच. डोकं फिरलं ते इथे.

धान्य भिजवायचं, मोड आणायचे, मोड ठरावीक टप्प्याला आले की वाळवून थांबवायचे. जे तयार होतं ते माल्ट. त्यात दारूचा थेंब नसतो. दारूसाठी पुढे त्याचं गोड पाणी काढून त्यात यीस्ट घालावं लागतं. गोव्यात होणाऱ्या सिंगल माल्ट व्हिस्कीची सुरुवातही अशाच मोड आणलेल्या जवापासून, म्हणजे सातूपासून होते. पण म्हणून माल्टला दारू म्हणायचं, तर द्राक्षांनाही म्हणा.

शब्द इंग्रजीतून आला. जर्मनमध्ये तो माल्झ, स्वीडिशमध्ये माल्टच. मुळाशी 'मऊ' हा अर्थ आहे असं भाषेचे अभ्यासक मानतात, आणि आपला 'मृदु'ही त्याच कुळातला धरतात. 'मृदु'वरूनच 'मऊ' आला. म्हणजे माल्ट आणि मऊ लांबचे चुलतभाऊ. हे नातं हाताला कळतं. कच्चा जव दाताखाली खडा. तो भिजवून आतला ओलावा 12-13 टक्क्यांवरून 45 च्या आसपास नेतात, मग चार ते सहा दिवस 15-16 अंशांच्या गारव्यात पसरून मोड आणतात. मुळं एकमेकांत गुंतू नयेत आणि ढीग आतून तापू नये म्हणून सारखा परततात. तयार झाला की नाही हे बघायला जुना कारागीर एक ओला दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये चिरडतो. आतलं खडूसारखं पांढरं बोटावर पसरलं तर झालं. मध्ये टणक गाठ लागली तर अजून वेळ आहे.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. यजुर्वेदातल्या सौत्रामणी नावाच्या यज्ञाच्या भागात मोड आलेल्या भाताला 'शष्प' आणि मोड आलेल्या जवाला 'तोक्म' म्हटलंय. हो, तिथे सुराच करायची होती, मान्य. पण धान्याला वेगळं नाव होतं आणि सुरेला वेगळं. आपल्या ग्रुपवर तेवढाही फरक उरलेला नाही.

मोड आणायचे कशासाठी? पिष्ट, म्हणजे स्टार्च, फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार व्हावीत म्हणून. 1833 मध्ये पायान आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधूनच 'डायास्टेज' वेगळं काढलं. विकरांच्या नावांना 'एज' हे शेपूट लागलं ते तिथून. ते पिष्टाची जी साखर करतं तिचं नाव माल्टोज. कोको घालून यातलं काहीही होत नाही.

त्या आजींचा प्रश्न आता मला वेडगळ वाटत नाही. पुड्यावर ठळक 'माल्ट' लिहायचं आणि आत साधं गोड पीठ भरायचं, मग बाईने समजायचं तरी काय? साखरेशिवाय पोरं पीत नाहीत, हेही मान्य. मग 'नाचणीचं गोड पीठ' लिहा ना!

ओळखायचं कसं ते सांगतो. नाचणीच्या साध्या पिठाची दाट, बिनसाखरेची पेज करा. उकळी बसून ती बोट जेमतेम सोसेल इतकी निवली की त्यात चमचाभर संशयित पीठ कालवून पाचेक मिनिटं ठेवा. खरं माल्ट असेल तर पेज डोळ्यांदेखत सैल पडते आणि किंचित गोडसर लागते. साधं पीठ असेल तर ढिम्म. लहान बाळांना याचाच उपयोग: पीठ जास्त घातलं तरी पेज पातळ राहते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त अन्न पोटात जातं.

घरी करायला फार काही लागत नाही. अर्धा किलो नाचणी धुवून 12 तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. पूर्ण निथळून ओल्या पंच्यात बांधून उबेला ठेवा. उन्हाळ्यात एक दिवस, थंडीत दोन. पाणी तळाशी साचलं तर आंबूस वास येतो, कारण दाण्याला हवा मिळत नाही. पंचा वरून सुकला तर वरचे दाणे तसेच राहतात. मोड दाण्याएवढे झाले की पातळ पसरून कडकडीत वाळवा. भाजणं त्यानंतर, आणि मंद आचेवर. ओल्या दाण्यातलं विकर उष्णतेने लवकर मरतं, वाळलेल्यातलं तग धरतं. खमंग लाल भाजलंत तर वास छान येईल, पण पेज काही सैल होणार नाही. शेवटी हातावर चोळून मोड पाडा, चाळा, दळा. भिजवून, वाटून, गाळून करतात ते नाचणीचं सत्त्व निराळं. ते बहुतेक नुसतं पिष्ट.

आणि हाच प्रयोग ज्वारीवर करणार असाल तर जपून. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किराळ लागते, तेच विष तिच्या मोडांत असतं. मोड आलेली ज्वारी कच्ची खाऊ नका. नीट वाळवून कोंब आणि मुळं चोळून पूर्ण काढा, आणि पीठ नेहमी शिजवूनच वापरा.