‘जावास्क्रिप्टचे कोन चुकतात’ या दाव्याला उत्तर

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या माझ्या भाच्याच्या प्रकल्पात नकाशावरचा बाण भलत्याच दिशेला वळत होता, आणि त्याचे खापर त्याने जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेवर फोडले, कारण त्याच्या वर्गात फिरणाऱ्या एका संदेशात तसेच लिहिले आहे. संदेशाचे म्हणणे असे: अर्ध्याचा एसाइन (साइनवरून कोन काढणारे फलन) ३० यायला हवा, तो ०.५२३६ येतो, अंशांत बदलल्यावरही उत्तर नेमके ३० येत नाही, २ चा एसाइन काढता येत नाही, आणि एटॅन-टू हे फलन निरर्थक असून ‘य भागिले क्ष’ करून साध्या एटॅनला (टॅनवरून कोन काढणाऱ्या फलनाला) दिले की काम भागते.

पहिला आक्षेप एका वाक्यात निकाली निघतो: ही फलने कोन रेडियन या एककात देतात (पाय रेडियन म्हणजे १८० अंश), आणि ०.५२३६ रेडियन म्हणजेच ३० अंश. तिसऱ्याला अकरावी-बारावीचे पुस्तक पुरेसे आहे, कारण कोणत्याही वास्तव कोनाचा साइन १ च्या वर जात नाही. तेव्हा जावास्क्रिप्ट देते ते ‘संख्या नाही’ (NaN) हे उत्तरच बरोबर आहे.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. १८० भागिले पाय या गुणकाने गुणल्यावर दशांशचिन्हापुढे चौदा शून्ये आणि मग ४ उमटतो. परंतु पायची किंमत ६४ बिटांत नेमकी मावत नाही, त्यामुळे पायथन या दुसऱ्या भाषेतही हेच घडते. या सूक्ष्म चुकीने खरा त्रास होतो तो एकॉसपाशी, म्हणजे कोसाइनवरून कोन काढणाऱ्या फलनापाशी: गणित करता करता १ ऐवजी किंचित मोठी संख्या आली, तर ‘संख्या नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून एकॉसला देण्यापूर्वी संख्या उणे १ ते १ या मर्यादेत आणून घ्यावी.

चौथा सल्ला मात्र घातक आहे, आणि भाच्याचा बाण त्यानेच फिरवला होता. पुण्याहून मुंबई ढोबळमानाने १ अंश पश्चिमेला आणि अर्धा अंश उत्तरेला आहे, म्हणजे क्ष उणे १ आणि य ०.५. भागाकार उणे ०.५ येतो, आणि एटॅन उणे २६.६ अंश देतो. पूर्वेकडून मोजलेला हा कोन आग्नेयेकडे, म्हणजे मुंबईऐवजी सोलापूरच्या बाजूला नेतो. क्ष १ आणि य उणे ०.५ घेतले तरी भागाकार तोच येतो, कारण भागाकार करताच कोणती संख्या ऋण होती ही माहिती नष्ट होते, आणि दुसरे व चौथे चरण (इथे वायव्य व आग्नेय बाजू) एटॅनला वेगळे ओळखताच येत नाही. एटॅन-टू दोन्ही संख्या स्वतंत्रपणे घेते, चिन्हे पाहून चरण ठरवते आणि १५३.४ अंशांएवढा कोन देते. क्ष शून्य असतानाही भागाकाराची अडचण त्याला येत नाही.

एटॅन-टूला य आधी आणि क्ष नंतर द्यावा लागतो, यालाही संदेशाने दोष म्हटले आहे. हा क्रम हेतुपुरस्सर आणि परंपरेने ठेवला आहे, असे एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणकातच नमूद आहे, आणि या फलनांची उत्तरे सन्निकट असतात हेही तिथेच लिहिले आहे. भाच्याने भागाकाराची ओळ काढून एटॅन-टू घातले, तेव्हा बाण मुंबईकडे वळला.