हिप प्रोटेक्टर घालूनही मार बसला: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की मे महिन्यात आईंसाठी हिप प्रोटेक्टर (पडल्यावर मार कमी बसावा म्हणून दोन्ही खुब्यांवर पॅड असलेली चड्डी; पुढे तिलाच जोड म्हटलंय) नेला, घामाने त्या हैराण झाल्या, पॅड सारखा मागे सरकायचा. परवा बाथरूमपाशी घसरल्या तेव्हा खुब्यावर काळंनिळं झालंच, आणि वापरलेला जोड आम्ही परत घेतला नाही.

आधी आईंचं. जांघेत दुखत असेल किंवा पायावर भार देता येत नसेल तर आजच एक्स-रे काढा. बारीक चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

आता आमची चूक. तुमच्या बिलावर आमच्या माणसाने कमरेचं माप लिहिलंय. घ्यायला हवं होतं नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचं. कमरेच्या मापावर दिलेला जोड सैल पडला की फिरतो, आणि हाडावरून पॅड हलला की संरक्षण गेलं.

ते हाड असं शोधा: आईंना आधार धरून उभं करा, मांडीच्या वरच्या बाजूला बाहेरून तळहात ठेवा, आणि त्यांना पाऊल आत-बाहेर फिरवायला सांगा. हाताखाली जे टणक टोक हलतं, पॅडचा मध्य बरोबर त्यावर हवा. जोड पलंगावर बसून गुडघ्यापर्यंत चढवायचा, मग उभं राहून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वर ओढायचा. दहा पावलं चालवून, एकदा बसवून-उठवून पुन्हा हात लावून बघा. बहुतेक गडबड संडासहून आल्यावर होते. घाईत एकाच बाजूने ओढला जातो आणि पॅड तिरपा बसतो.

घामाची तक्रार खरी आहे. नागपूरच्या मे महिन्यात फोम तापतोच. सुती, जाळीचा जोड घ्या आणि किमान तीन ठेवा: एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळलेला. काढल्यावर अर्ध्या तासानेही लाली गेली नाही तर माप घट्ट आहे.

रात्री काढून ठेवू नका, बाथरूमला उठतानाच माणसं पडतात. कडक कवचाचा पॅड कुशीवर झोपताना टोचतो, म्हणून रात्री मऊ फोमचा.

एक गोष्ट विकताना सांगायला हवी होती. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांचे खुब्याचे फ्रॅक्चर थोडे कमी झालेले दिसले, घरी राहणाऱ्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. लोक तो नेमाने घालत नाहीत, ही मोठी अडचण आहे. तेव्हा बाथरूमची ओली फरशी, रात्रीचा दिवा आणि भिंतीला धरायचा दांडा हे आधी बघा.

अंतर्वस्त्र असल्याने वापरलेला जोड आम्ही पुन्हा विकत नाही, पण चुकीचं माप आमचं होतं. पैसे परत घ्या किंवा योग्य मापाचा जोड न्या. जुना सोबत आणा. पॅड कुठे बसत होता ते आम्हाला बघायचंय.