फिएरो प्लॅस्टिकची म्हणून पेटायची? नाही हो

१९८४ ची पॉन्टिॲक फिएरो ही अमेरिकन गाडी प्लॅस्टिक बॉडीमुळे पेटायची आणि एकदा जळली की भंगारच, असा एक मेसेज फिरतोय, म्हणून हा खुलासा. बॉडी पॅनल प्लॅस्टिकची होती हे खरंय, पण आत स्टीलची पूर्ण फ्रेम आहे आणि आगीचं मूळ सीटमागच्या २.५ लिटरच्या इंजिनात होतं. ऑइल कमी पडलं की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) तुटायचा, इंजिनच्या ब्लॉकला भोक पाडायचा आणि ऑइल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर, मग काय होणार. रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने दुरुस्तीला गाड्या परत बोलावल्या तेव्हा, ऑइलची लेव्हलच वाढवली, ती उगाच नाही.

आता भंगाराचं. पॅनल सुटी निघतात, त्यामुळे जळालेली बदलता येतात, खरा प्रश्न फ्रेमचा. स्टील वाकलंय का हे माप घेऊनच कळतं, नुसता रंग उडालाय म्हणून घाबरू नका आणि वरून नवा रंग मारलाय म्हणून विश्वासही ठेवू नका. वायरिंग मात्र अख्खं नवीन टाका, प्लीज, कारण वरून धड दिसणाऱ्या वायरचं इन्शुलेशन वाकवलं की तडकतं. आणि विझवायला मारलेली पिवळी-पांढरी पावडर लगेच साफ करा, ओल लागली की ती ॲल्युमिनियम खाते, कनेक्टर उघडला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या दिसतात. इंजिन पण न उघडता स्टार्टर मारू नका, पावडर आत गेली असेल तर सिलिंडरला ओरखडे पडतील.