‘कोकणावर डेटाबेसमध्ये काही नसतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्याकडच्या विद्यार्थ्यांच्या गटांत सध्या एक मेसेज फिरतोय: “जीवशास्त्राच्या निबंधासाठी लायब्ररीचे डेटाबेस उघडू नका. कोकणावर तिथे काही नसतं, असलं तर पैसे मागतात, आणि गूगलवर तेच सगळं मिळतं.” मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. हे वाचून मुलं शोधणंच सोडून देताहेत, म्हणून लिहितेय.

पहिलं विधान जास्त घातक, कारण ते अनुभवाचं वाटतं. परवाच टी.वाय.ची एक मुलगी आली. “मॅडम, शून्य रिझल्ट.” विषय होता खाजणातल्या कोळंबीशेतीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परिणाम. तिने अख्खं शीर्षक, ‘रत्नागिरी’सकट, इंग्रजीतून पबमेडच्या, म्हणजे वैद्यक-जीवशास्त्राच्या लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसच्या, चौकटीत टाकलं होतं. पबमेड सगळे शब्द एकत्र असलेलेच लेख शोधतं. एक शब्द नसला की लेख गळाला. आधी गावाचं नाव काढा. थायलंडमध्ये किंवा तमिळनाडूत या रोगाच्या विषाणूवर झालेलं काम आपल्या तळ्यांनाही उपयोगी आहे.

मग नावांचा घोळ. आपण कोळंबी म्हणतो. इंग्रजीत कुणी ‘प्रॉन’ लिहितं, कुणी ‘श्रिंप’. शास्त्रीय नावही एका जागी राहत नाही. आपल्याकडे तळ्यांत वाढवतात ती व्हॅनामेई आधी ‘पिनियस’ होती. १९९७ साली पेरेझ फारफांते आणि केन्सली या शास्त्रज्ञांनी तिला ‘लिटोपिनियस’मध्ये टाकलं, आणि आता ती पुन्हा ‘पिनियस’ झाली आहे. एकच नाव टाकलं तर दुसऱ्या नावाखालचे कितीतरी लेख हातून जातात. आम्ही दोन्ही नावं कंसात ‘ऑर’ने (यातलं कुठलंही चालेल) जोडली, बाहेर ‘अँड’ (हेही हवंच) लावून विषाणूचं पूर्ण नाव अवतरणात टाकलं. शून्याच्या जागी शेकडो लेख आले.

कोकणाचंच काही हवं असेल तर दार वेगळं आहे. पबमेड वैद्यकाकडे झुकलेलं आहे, मत्स्यविज्ञानाची कितीतरी नियतकालिकं तिथे मिळत नाहीत. त्यासाठी कोचीच्या सीएमएफआरआयचा (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) ई-प्रिंट्स हा ऑनलाइन संग्रह बघा, ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’ चाळा. प्रबंधांचे ऑनलाइन संग्रहही आहेत: दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे प्रबंध कृषिकोशावर आहेत, मुंबई विद्यापीठाचे शोधगंगेवर. आपल्या खाड्यांवर आपल्याच मुलांनी वर्षानुवर्षं चिखल तुडवून केलेलं काम तिथे पडून आहे, आणि ‘काही नसतं’ म्हणून आपण ते न वाचताच मोडीत काढतोय. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पैशांचं म्हणणं अर्धं खरं आहे. काही प्रकाशक एका लेखाचे दोन-तीन हजार मागतात, पण ते विद्यार्थ्याने भरायचे नसतातच. पबमेडवर शोधायला पैसे पडत नाहीत, पबमेड सेंट्रल या त्याच्या जोडसंग्रहात पूर्ण लेखही फुकट. कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं देणारी योजना) सदस्य असेल तर ग्रंथालयातून स्वतःचं लॉगिन मागून घ्या. हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडतात.

गूगलबद्दल. गूगलचं संशोधन-लेख शोधणारं गूगल स्कॉलर मीही वापरते, सुरुवातीला चांगलं आहे. पण तिथे ज्या लेखाचा उल्लेख जास्त झालाय तो बहुधा वर येतो, त्यामुळे नवं संशोधन खाली राहतं. शिवाय पबमेडमधल्या बहुतेक लेखांना ठरावीक विषयशीर्षकं लावलेली असतात. ‘पिनाइडी’ (या कोळंब्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव) या शीर्षकाखाली शोधलं की लेखकाने प्रॉन लिहिलेलं असो की श्रिंप, लेख सापडतो. स्कॉलरला ही सोय नाही.

त्या मुलीने आता वहीत तीन रकाने आखलेत: मराठी नाव, इंग्रजी नावं, शास्त्रीय नावं जुनी-नवी. तुम्हीही आखा. आणि पुन्हा शून्य रिझल्ट आला तर स्क्रीन बंद करू नका, तसाच घेऊन ग्रंथालयात या. कुठला शब्द काढायचा ते मिळून बघू.