सौरज्वाला म्हणजे सौरवादळ नव्हे

सूर्यावर एक्स श्रेणीची, म्हणजे सर्वांत प्रखर वर्गातली, सौरज्वाला (किरणोत्सर्गाचा अचानक भडका) नोंदली गेली की तासाभरात मोबाइलवर मजकूर फिरू लागतो: ‘जितका मोठा सौरडाग तितका मोठा उद्रेक, एकदा उसळलेला लोट अडत नाही, तो दोन दिवसांत पृथ्वीवर आदळणारच.’ यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत.

पहिले विधान मोडून काढायला ऑक्टोबर २०१४ मधील १२१९२ क्रमांकाचा सौरडागसमूह पुरेसा आहे. १९९० नंतरचा तो सर्वांत मोठा समूह होता आणि त्याने एक्स श्रेणीच्या सहा सौरज्वाला दिल्या; २४ ऑक्टोबरची ज्वाला एक्स ३.१ इतकी प्रखर होती. तरीही या सहांपैकी एकीबरोबरही सूर्याच्या प्रभामंडलातील, म्हणजे बाहेरच्या वातावरणातील, द्रव्य अवकाशात फेकले गेले नाही; अशा फेकीला सीएमई (कोरोनल मास इजेक्शन) म्हणतात आणि ती पृथ्वीला लागली की सौरवादळ येते. ऊर्जा मुक्त झाली, पण द्रव्य जागीच राहिले.

ते का राहिले, हाच खरा प्रश्न आहे. उद्रेकाच्या मुळाशी विद्युतप्रवाह वाहून नेणारा, पीळ पडलेला चुंबकीय दोर असतो. हा प्रवाह कमानीसारखा वाकलेला असल्यामुळे तो स्वतःलाच बाहेर ढकलतो, तर त्याच्यावरून आडवे गेलेले चुंबकीय क्षेत्र, कडब्याच्या गाडीवर आवळलेल्या दोराप्रमाणे, त्याला खाली दाबून धरते. वरचे क्षेत्र उंचीबरोबर किती झपाट्याने क्षीण होते, यावर निकाल ठरतो: ते उंचीच्या साधारण दीडाव्या घातापेक्षा वेगाने घटू लागले, तर दोर निसटण्याची शक्यता निर्माण होते. १२१९२ वरचे क्षेत्र बलवान होते आणि उंचीबरोबर सावकाश घटत होते, त्यामुळे ही मर्यादा जिथे ओलांडली जाते ती उंची फार वर गेली होती. डागाचा आकार मोठा असणे म्हणजे हे वरचे आवरणही भक्कम असू शकणे, ही गोष्ट त्या मजकुराच्या लेखकाच्या ध्यानातच येत नाही.

‘एकदा उसळलेला लोट अडत नाही’ हे विधान तर प्रत्यक्ष निरीक्षणाच्या विरोधात जाते. २७ मे २००२ रोजी ‘ट्रेस’ या सूर्यनिरीक्षक उपग्रहाने सौरतंतू (चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेला, तुलनेने थंड द्रव्याचा लांब पट्टा) पिळवटत वर जाताना आणि सुमारे ८० हजार किलोमीटर उंचीवर थांबताना टिपला. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा भौतिकी प्रयोगशाळेत असे दोर कृत्रिमरीत्या तयार केले गेले, तेव्हा दीडची मर्यादा ओलांडूनही काही दोर कोसळले, कारण दोराच्या लांबीच्या दिशेने असलेल्या क्षेत्राचा ताण त्यांना मागे खेचत होता. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण एका आकड्यावरून भाकीत करण्याची सोय त्याने काढून घेतली.

राहिले तिसरे विधान. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने उभारलेल्या, भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरील ‘सूट’ दुर्बिणीने २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ सौरज्वाला टिपली. तिच्यासोबतही उल्लेखनीय सीएमई नव्हते. अशा ज्वालेचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पोहोचून पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूचा लघुलहरी रेडिओसंपर्क बिघडवतात, त्यामुळे ती निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. उलट ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सोबतची ज्वाला अवघ्या सी श्रेणीची, म्हणजे एक्सपेक्षा बरीच कमजोर, असताना एक लांब सौरतंतू सेकंदाला १,४०० किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर पडला, त्याच्या सीएमईचा कडेचा भाग पृथ्वीला लागला आणि ३ सप्टेंबरच्या रात्री ध्रुवीय प्रकाश दिसला.