मऊ चावतो

कुत्र्याचं नाव ठेवताना घाई करू नये. पिल्लू घरी आलं त्या दिवशी मुलीने त्याच्या कानांवरून एकदाच हात फिरवला आणि जाहीर केलं, "याचं नाव मऊ." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं होतं.

तिसऱ्याच दिवशी मी साहेबांना फोनवर सांगत होतो, "सर, थोडा उशीर होईल, मऊ चावलाय." पलीकडे बराच वेळ शांतता. "काय चावलंय?" "मऊ." त्यांनी मला दिवसभर आराम करायला सांगितलं.

नऊ आठवड्यांचा जीव, पण तोंडात दुधाचे २८ दात, आणि एकेक असा की सुईने त्याच्याकडून टोक काढून घ्यावं. घोट्यांवर त्याचा विशेष जीव. सकाळी मी न्हाणीघरातून निघालो की हा पायजम्याच्या टोकाला लटकून मागे मागे घसरत यायचा. मी एका हाताने नाडी धरायची, दुसऱ्याने भिंत. घरातल्या घरात इतकं सांभाळून मी बाळपणानंतर कधी चाललो नव्हतो.

मऊचे डॉक्टर म्हणाले, हे स्वाभाविक आहे. पिल्लं आपापसांत चावत चावतच खेळतात. एकाने जास्त जोर लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडून निघून जातं. असं दहादा झालं की जबड्याला मोजमाप कळतं. "आता त्याची भावंडं तुम्हीच," डॉक्टर म्हणाले. थोडक्यात, वयाच्या ४६व्या वर्षी मला नवा भाऊ झाला आणि मी त्याच्यापुढे केकाटायचं ठरलं.

मी मनापासून केकाटलो. अडचण एवढीच की मराठी माणूस कळवळला की "आई गं!" म्हणतो आणि आमची आई शेजारच्याच खोलीत असते. पहिल्या तीन वेळा ती हातातलं टाकून धावत आली. चौथ्यांदा आतूनच "चावला का? बरं," एवढंच ऐकू आलं. पुढे कपाटाच्या दारात माझं बोट खरोखर चेमटलं तेव्हा कुणी फिरकलंसुद्धा नाही. इकडे मऊला तर मी फारच आवडू लागलो. काही पिल्लं केकाटल्यावर दचकून थांबतात म्हणे. आमच्याला वाटलं, दाबलं की वाजणारं खेळणं मिळालं.

मग आला पुतळ्याचा उपाय. दात लागले की हात ओढायचा नाही, कारण ओढलेला हात म्हणजे पळणारी शिकार. मारायचं नाही, तोंड दाबून धरायचं नाही. त्याने पिल्लू भितं किंवा आणखी चेकाळतं. फक्त हात ढिला सोडायचा, नजर वळवायची आणि गप्प उभं राहायचं. त्याने सोडलं की लगेच "शहाणा माझा!" म्हणत दोरीचं खेळणं पुढे करायचं. सोडलंच नाही तर अर्धा मिनिट खोलीबाहेर निघून जायचं. ऐकायला सोपं आहे. पण पोटरीत दात रुतलेले असताना घडी घातलेल्या हातांनी पंख्याकडे बघत राहणं आणि नंतर त्याच प्राण्याचं गोड आवाजात कौतुक करणं, याला संतवृत्ती लागते. आणि दोरीचं खेळणं नेहमी दुसऱ्या खोलीत असतं.

एका संध्याकाळी मऊच्या अंगात आलं. सोफ्याला सहा प्रदक्षिणा, मग मी, मग बायको, मग मुलगी. बायको भिंतीकडे तोंड करून, मुलगी डोळे घट्ट मिटून खुर्चीवर, आई दारात मान खाली घालून आणि मी पंख्याकडे बघत. दार उघडंच होतं. शेजारी आत आले, आम्हाला पाहून त्यांनी आवाज उतरवला, "कधी झालं? कळवलं नाहीत..." कुणीच बोलेना. तेवढ्यात मऊने मला सोडून त्यांचा मोजा धरला. "हलू नका!" बायको कुजबुजली. पाच पुतळे.

संध्याकाळचं हे भूत म्हणजे निव्वळ अपुरी झोप निघाली. या वयात पिल्लं दिवसाचे १८-२० तास झोपतात. आमच्याकडे लाड करणारे पाचजण, तो झोपणार कधी? किरकिऱ्या पोरासारखं त्याला वेळेवर त्याच्या कोपऱ्यात ठेवू लागलो, तर निम्मं चावणं तिथेच संपलं. (एका गोष्टीत मात्र गंमत नाही. दाताने रक्त आलं की जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि तडक आपल्या, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं, पिल्लू कितीही लाडकं असलं तरी.)

उरलेलं निम्मं चावणं माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या कृपेने टिकून होतं. आम्ही सगळे पुतळे, आणि अप्पा वर्तमानपत्राखाली बोटं नाचवतायत. "चावत नाही रे तो, लाडाने धरतो." हातावर ओरखड्यांचा नकाशा. दहातल्या एका वेळेला जरी गंमत मिळाली तरी मऊ दहाही वेळा नशीब आजमावून बघणार. शेवटी बायकोने फ्रिजवर कागद लावला, 'हात हे खेळणे नाही'. अप्पांनी चष्मा लावून शुद्धलेखन तपासलं, ठीक आहे म्हणाले आणि परत वर्तमानपत्राकडे वळले.

आता मऊ चार महिन्यांचा झालाय. परवा खेळता खेळता त्याने माझं मनगट तोंडात धरलं, माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि सोडून दिलं. नुसती ओल, ओरखडासुद्धा नाही. मी कुणाला दिसू नये असे डोळे पुसले. त्याच रात्री मुलगी ओरडत आली. दोरीच्या खेळण्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं अडकलेलं होतं. दात! मऊचे दात पडायला लागले होते. त्या आनंदात मी डॉक्टरांना फोन लावला.

"छान," ते म्हणाले. "हे २८ पडले की कायमचे येतील. ४२."

मी हातांची घडी घातली आणि पंख्याकडे बघत उभा राहिलो.